भोंग्याचं मौन आणि पांढरा कुरव

३ फेब्रुवारी

सरकारांच्या सेवेशी,

तुझी बस सुटली तेव्हा मी हात हलवत उभा होतो. शेजारच्या माणसाने विचारलं, "कोण चाललंय?" मी मान डोलावली. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा डोलावली. शेवटी तो बिचारा हातवारे करत निघून गेला. ज्याच्या आवाजाने बंदरावरच्या मांजरांची झोपमोड होते, त्या भोंग्यावर ही वेळ.

तू फोन बरोबर घेऊन गेलीस ते बरंच केलंस म्हणायचं. ऑपरेशननंतर घरी आल्या आल्या फोन वाजला आणि मी उचलून "बोला" म्हणालो, त्याची एवढी शिक्षा. डॉक्टरांनी फेब्रुवारीभर एक शब्द नाही, कुजबूजसुद्धा नाही असं सांगितलंय, हे मान्य. घशातली गाठ साधी निघाली, हेही देवाच्या कृपेने मान्य. पाच मार्चला ते घसा बघणार आणि मग काय ते ठरवणार. माझं ठरलेलं आहे. सहा मार्चच्या पहाटे मी माझ्या उलट्या क्रेटवर उभा राहून मासळीचा लिलाव पुकारणार.

काल लिलावाच्या हॉलमध्ये डोकावलो. तू जाऊ नको म्हणाली होतीस, पण पाय आपोआप वळले. माझ्या क्रेटवर माझ्या हाताखालचा पिपाणी उभा होता. त्याला मीच शिकवलं, पोरगा कष्टाळू आहे, सगळं खरं, पण तो "एक वार" म्हणतो तेव्हा दारात कोणी सायकलची घंटी वाजवली असं वाटतं. मला दोनदा खोकला आला. व्यापारी माझ्याकडे असे बघत होते, जणू मी उठून चाललेलं प्रेत आहे. मग निघालो.

आता तुझ्या हुकुमाप्रमाणे पक्षी बघणार. "दुनियेत तोंड बंद ठेवायचा हा एकच छंद आहे," असं म्हणून तू तुझ्या भावाची जुनी दुर्बीण गळ्यात अडकवलीस. दुर्बिणीच्या एका डोळ्यातून सगळं दिसतं, दुसऱ्यातून फक्त तुझा भाऊ आठवतो. उद्या बंदराच्या तोंडाशी जो दगडी बांध आहे, त्याच्या टोकापर्यंत जाऊन येतो.

लेकीचा घोटा कसा आहे? दोऱ्याचं रीळ काढायला स्टुलावर स्टूल ठेवायची अक्कल तिला कोणाकडून आली, ते मी विचारत नाही.

तुझा,
भोंगा (दुरुस्तीसाठी बंद)


८ फेब्रुवारी

अहो,

ती अक्कल तुमच्याकडून आली. आपल्या घरचा पंखा कोणी, कशावर चढून पुसला होता ते आठवा.

लेक प्लास्टर घालून आतल्या खोलीत पडून हुकूम सोडते आणि मी दुकानाच्या काउंटरवर. कपडे दुरुस्तीचं दुकान म्हणजे दवाखानाच आहे हो. माणसं आधी आपली कर्मकहाणी सांगतात, मग पिशवीतून पॅन्ट काढतात. एक गृहस्थ आहेत, दर आठवड्याला तीच पॅन्ट कमरेत सैल करून घ्यायला आणतात आणि दरवेळी सांगतात की कापड आटलं. आम्ही दोघी माना हलवतो आणि टाके उसवतो. इकडे माझं तोंड दिवसभर चालू, तिकडे तुमचं बंद. घराचा हिशोब बरोबर झाला.

हॉलमध्ये जाऊ नका, हे मी आता शेवटचं सांगतेय. पिपाणी करतोय तसं करू दे. आणि तुम्ही एकटे असताना "जरा बघू तरी" म्हणून आवाज काढून बघाल, मी ओळखते तुम्हाला. न्हाणीघरात नाही, आरशासमोर नाही, कुठेच नाही.

आणखी एक. तिकडे लोकांसमोर मान जरा जपून हलवा. तुमची मान म्हणजे काय ते मला माहिती आहे. लिलावात कोणी बोली लावली की तुम्ही डोलावता, म्हणजे "ऐकलं, बोली घेतली, पुढे चला." त्यात हो नसतं. पण हे जगाला कुठे माहिती? मी तुम्हाला विचारलं होतं, "बाहेरच्या खोलीला पिवळा रंग देऊ का?" तुम्ही मान डोलावलीत. मी दिला. मग संध्याकाळी येऊन, "हे काय केलंस, हळदीच्या डब्यात बसल्यासारखं वाटतंय." दहा वर्षं झाली, अजून त्याच डब्यात बसलोय आपण.

खिशात मी छोटी वही आणि पेन्सिल ठेवली आहे. काही सांगायचं असेल तर लिहून दाखवा.

तुमची,
सरकार


१२ फेब्रुवारी

सरकार,

पत्र मिळालं, पण दोन दिवस उशिरा. मान जपून हलवायचा सल्ला त्या दोन दिवसांत हवा होता.

आधी विचारलंस त्याचं उत्तर. नाही, आवाज काढून बघितला नाही. खोटं वाटत असेल तर बांधावरच्या पक्ष्यांना विचार.

आता मूळ गोष्ट. बांधावर सकाळी पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ जमतं. दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या अंगात खिसेच खिसे असलेली जाकिटं. त्यांच्या सेक्रेटरीबाई दातांच्या डॉक्टर आहेत आणि त्यांच्याकडे तीन पायांवर उभी राहणारी मोठी दुर्बीण आहे. ही माणसं अखंड बोलतात. हा चिखल्या की तो तुतवार, यावर दोन सभ्य गृहस्थ हमरीतुमरीवर आले आणि तेवढ्यात तो पक्षी दोघांनाही कंटाळून उडून गेला. मी आपला एका दगडावर मिठाची गुळणी धरून बसलेला. पहिल्या दिवशी त्यांच्यातल्या कोणी मला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एकाने म्हटलं, "काका फार खोलवर बघतात." तिसऱ्या दिवशी मला थर्मासमधला पहिला चहा मिळाला. अगं, गप्प बसण्यात एवढा मान असतो हे मला आधी माहिती असतं तर मी तीस वर्षं घसा कशाला फोडला असता?

त्यात गेल्या गुरुवारी हॉलच्या मागच्या भिंतीला चुना लावायचं काम चाललं होतं. चुन्याचं पिंप उघडं. एक कुरव, आपला रोजचाच, मासळीच्या टोपल्यांवर टपणारा, डोकं खाऊन टाकणारा, भांडताना सरळ त्या पिंपात पडला. रंगाऱ्याने पाय धरून बाहेर काढला. मी डोळ्यांनी बघितलं. पक्षी नखशिखांत पांढरा होऊन बांधावर येऊन बसला आणि सगळ्या जगाला शिव्या देऊ लागला.

शनिवारी सेक्रेटरीबाईंनी तो दुर्बिणीत पकडला. त्यांचा श्वासच थांबला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काका, हा बर्फाच्या समुद्रावरचा पांढरा कुरव. आपल्याकडे कधीच आलेला नाही. तोच आहे ना?"

आणि मी मान डोलावली.

म्हणजे, ऐकलं. बोली घेतली. पुढे चला. पुढे कोणीतरी दुसरी बोली लावील, खरा भाव ठरेल, असं माझ्या डोक्यात. पण लिलावात असतात तसे दुसरे बोली लावणारे तिथे नव्हतेच. बाई ओरडल्या, "काकांनी पण ओळखला." संध्याकाळपर्यंत सगळीकडे निरोप गेले. येत्या रविवारी गावोगावची माणसं येणार आहेत.

वहीत लिहून का नाही दाखवलं म्हणशील. वही भिजली होती. समुद्राचे तुषार फार.

तुझा,
भोंगा


१६ फेब्रुवारी

अहो,

लेकीला पत्र वाचून दाखवलं. ती इतकी हसली की प्लास्टरच्या आत खाज सुटली आणि विणकामाची सुई घालून खाजवावं लागलं.

आता माझं ऐका. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा काल फोन आला होता. त्या म्हणाल्या, "भाऊजी रोज पहाटे एका बाईंबरोबर बांधावर असतात, बाई त्यांच्या कानाशी लागून बोलतात आणि भाऊजी खाली मान घालून ऐकतात." मी म्हटलं, ऐकू दे. माझं इतक्या वर्षांत कधी खाली मान घालून ऐकलं नाही, तर निदान सवय होईल. तरी दात दाखवायची वेळ आली तर दुसरे डॉक्टर बघा.

वही भिजली म्हणता. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंडाला रबर लावून ठेवली होती. तेव्हा वही कोरडी आहे आणि तुम्ही मला ओली करून सांगताय. खरं काय ते मला कळलंय. मंडळींनी तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय आणि तुम्हाला वरची हवा आवडलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती रविवारी गावोगावच्या लोकांसमोर उघडणार आहे. त्याआधी लिहून दाखवा. चार ओळींचं काम.

लिलावाची काळजी करू नका. पिपाणी आता छान पुकारतो असं ऐकलं. व्यापारी खूश आहेत. तुम्ही निवांत राहा.

तुमची,
सरकार


१९ फेब्रुवारी

सरकार,

रविवारी दाट धुकं पडलं. पन्नास-साठ माणसं बांधावर उभी राहून एकमेकांचे पाय तुडवत होती. कुरव सोड, समुद्रसुद्धा दिसला नाही. आता पुढच्या रविवारी पुन्हा, आणि याच्या दुप्पट. चुना निघायला लागलाय. डावा पंख राखाडी झाला. बाईंनी जाहीर केलं की पक्षी पिसं बदलतोय. माझ्याकडे बघितलं. मी मान घट्ट धरून उभा राहिलो, तर म्हणाल्या, "काका विचार करतायत."

वहीचं खरं आहे. कोरडी आहे, खिशात आहे. काढली नाही. तिथे मला कोणी 'बिचारा' म्हणून बघत नाही. हॉलमध्ये बघतात. झालं समाधान?

आता तुझं सांग. तू पिपाणीची स्तुती केलीस. ज्या माणसाला तू "नरड्यात शिट्टी अडकलेला" म्हणायचीस, तो तुला दोन गावांवरून छान ऐकू यायला लागला? आणि मला निवांत राहा म्हणतेस. लग्न झाल्यापासून तू मला निवांत बसलेला बघून कधी गप्प राहिली आहेस?

काय लपवतेस?

भोंगा


२२ फेब्रुवारी

अहो,

काही लपवत नाही. पिपाणीचं सहज लिहिलं. दुकानात गर्दी होती, घाईत लिहिलं.

पाच तारखेला डॉक्टर काय म्हणतील ते म्हणतील. त्याआधी डोकं कशाला शिणवायचं? बांधावर वारा असतो, मफलर दोन वेढे घालून गुंडाळा.

आणि त्या पक्ष्याचं निस्तरा. तोंडाने केलेलं खोटं आणि मानेने केलेलं खोटं, वजनात काही फरक नसतो. लांबून येणाऱ्या लोकांचे बसच्या तिकिटाचे पैसे जातात, झोप जाते. तुम्ही लिलावात कधी शिळी मासळी ताजी म्हणून विकली नाहीत. म्हणून तर व्यापारी तुमच्या शब्दावर बोली लावायचे. मला त्याचा अभिमान होता. होता म्हणजे, आहे.

तुमची


२६ फेब्रुवारी

सरकार,

हे पत्र लांब होणार आहे. चहा घेऊन बस आणि लेकीला लगेच वाचून दाखवू नकोस, आधी तू वाच.

काल रविवार. ऊन स्वच्छ, वारा पडलेला, बांधावर मुंगीला जागा नाही. बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवरसुद्धा माणसं चढलेली. कुरव बांधाच्या टोकाला एका खांबावर बसला होता, अर्धा पांढरा, अर्धा राखाडी, सफेदी अर्धवट सोडून रंगारी जेवायला गेल्यासारखा. सेक्रेटरीबाई एका पेटीवर चढून म्हणाल्या की हा पिसं बदलण्याच्या अवस्थेतला जगातला पहिलाच नमुना असावा. मी मागे लपलो होतो. मला धरून पुढे आणलं आणि त्यांच्या शेजारी उभं केलं.

मी वही काढली. खरंच काढली, तुझ्या शपथेवर. मोठ्या अक्षरात लिहिलं, "हा आपलाच कुरव आहे. चुन्यात पडला होता." बाईंच्या हातात दिली. बाईंनी वाचायचा चष्मा डोक्यावरून खाली घेतला, तो दुर्बिणीच्या पट्ट्यात अडकला, तो सोडवताना वही हातातून सुटली आणि दगडांच्या फटीतून खाली पाण्यात. आता ती खरोखर भिजली. तुला विनोद वाटेल. मला तेव्हा वाटला नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. निवृत्त बस कंडक्टर. खांद्यावर दुसऱ्याची उसनी दुर्बीण, दोन बस बदलून आलेले, रात्रभर बसमध्ये झोप नाही. म्हणाले, "आयुष्यभर हा पक्षी चित्रात बघत आलोय. मला दुर्बिणीत नीट दिसत नाही, मोतीबिंदू आहे. तुम्ही बघा आणि मला सांगा. तुम्ही हो म्हणालात की मी बघितला असं समजेन."

आता मला सांग, नाही कसं म्हणायचं? तू म्हणशील मान आडवी हलवायची. अगं, माझ्या मानेला आडवं जायची सवयच नाही. तीस वर्षांत एकदाही कोणाची बोली नाकारली नाही. मी आडवी हलवायला गेलो तर ती अर्ध्यात जाऊन खाली आली. म्हातारबुवांचा चेहरा फुलला. ते खिशातून रुमाल काढून डोळे पुसायला लागले.

मग मी तोंड उघडलं.

"नाही," म्हटलं. "हा तो नाही."

पुढचं सांगायच्या आधी दुसरं एक सांगायला हवं. तुला मी खोटं लिहिलं होतं. तू गेल्यावर चार दिवसांनी मी भल्या पहाटे एकटाच बांधाच्या टोकाला गेलो होतो. समोर शेकड्यांनी कुरव बसलेले. तुला माहिती आहे, हॉलमध्ये मी पहिला "एक वार" पुकारला की छपरावरचे सगळे पक्षी उडतात. म्हटलं एकदाच, कोणी नाही बघायला. छाती भरून घेतली आणि ओरडलो.

एकही उडाला नाही. जवळच्या एकाने मान वळवून बघितलं आणि पुन्हा पंखात चोच खुपसली. माझ्या तोंडातून काय निघालं ते मलाच नीट ऐकू आलं नाही. लोखंडी फाटक हळू उघडावं तेवढं. तिथेच बसलो बराच वेळ. तेव्हाच समजलं की सहा मार्च वगैरे काही नाही. तुला लिहिता येईना. तू तिकडे लेकीचं बघणार की माझं? आणि रोज बांधावर का जायचो, तर जगात माझा हा आवाज ऐकलेले फक्त ते कुरव होते. त्यांच्यासमोर लपवायचं काही राहिलं नव्हतं.

तर काल तोच आवाज. म्हातारबुवा म्हणाले, "काय म्हणालात? पुन्हा सांगा." मागच्याने पुढच्याला विचारलं, "काय म्हणाले?" मी पुन्हा म्हटलं. आणि मग एक गोष्ट झाली. सगळे गप्प झाले. ते हमरीतुमरीवाले दोघेही. गच्चीवरची माणसं कठड्यावरून वाकली. शंभरावर माणसं श्वास धरून उभी, कारण नाहीतर ऐकूच येत नव्हतं. मी मग सगळं सांगितलं. चुन्याचं पिंप, रंगाऱ्याने धरलेले पाय, लिलावातली मान, पिवळी खोली, तुझी रबर लावलेली वही. लिलावात तीस वर्षं मी आकडे बोललो, अगं. गोष्ट कधी सांगितली नव्हती. लोक हसत होते, पण हळू, पुढचं वाक्य हुकू नये म्हणून. म्हातारबुवा सगळ्यात जास्त. म्हणाले, चुन्यातला तर चुन्यातला, दोन बस बदलून आलोय, मी बघूनच जाणार, आणि दुर्बीण चुकीच्या बाजूने लावून बराच वेळ बघत राहिले.

बाई आधी लाल झाल्या. मग डॉक्टरीणपणा जागा झाला आणि तिथेच उन्हात मला तोंड उघडायला लावून टॉर्च मारली. त्यांनी आणि आणखी चार जणांनी माझा घसा बघितला. आलेल्या लोकांना काहीतरी दुर्मिळ बघायला मिळालं म्हणायचं. वरच्या वहिनी फोन करतील, तेव्हा हे लक्षात ठेव.

मौन मोडलं. डॉक्टर रागावतील. पण मला माहिती आहे, मोडण्यासारखं आत फार काही नव्हतं.

पाच तारखेला तू नसलीस तरी चालेल. जाऊन येईन.

तुझा,
(सही काय करू ते सुचत नाही)


१ मार्च

अहो,

चहा घेऊन बसले होते. तो गार झाला.

मी लेकीला वाचून दाखवलं नाही. मशीनमागे जाऊन एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तराला डोळे पुसले. अस्तर आता बदलून द्यावं लागेल.

तुम्ही मला खोटं लिहिलंत, मीही तुम्हाला लिहिलं. डॉक्टरांनी मला ऑपरेशनच्या दिवशीच बाहेर बोलावून सांगितलं होतं. जिवाला धोका नाही, बोलता येईल, पण पुकारता यायचं नाही. मी म्हटलं, त्यांना मी सांगेन. आणि सांगितलं नाही. तुम्ही गुळण्या करत होतात आणि क्रेटला नवे खिळे ठोकत होतात. माझी जीभ रेटली नाही. लेकीचा पाय मोडला तेव्हा, देवा माफ कर, मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणून तुम्हाला पक्ष्यांकडे पाठवलं. हॉलमधून कळण्यापेक्षा बाहेर वाऱ्यावर हळूहळू कळलेलं बरं, असं मला वाटलं होतं. पिपाणीला तुमच्या जागी कायम केलंय. तो फोनवर रडला. "काकू, तुम्ही सांगितल्याशिवाय काकांसमोर जाणार नाही," म्हणाला. त्याला आता बोलावून घ्या.

मी महिनाभर तुम्हाला सांभाळतेय या तोऱ्यात होते, आणि तुम्ही तिकडे बांधावर मला सांभाळत बसला होतात. दोघंही मूग गिळून. इतका संसार करून हेच शिकलो म्हणायचं.

पण तुमच्या पत्रातलं एक मला खुपलं. शंभर माणसांना तुम्ही गोष्ट सांगितलीत. मी नव्हते.

रागावू नका, पण आज लिहूनच टाकते. तीस वर्षं तुमचा आवाज बंदरावर खर्च व्हायचा. पहाटे जाताना मी झोपलेली. दुपारी यायचात ते घसा बसवून. "पाणी," "मीठ," "झोपतो." रात्री मी दिवसभराचं सांगायचे आणि तुम्ही मान डोलवायचात. मला माहिती असायचं की ते 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही, नुसतं 'ऐकलं'. कधी कधी तेही नाही. लोक म्हणायचे, काय आवाज आहे तुमच्या नवऱ्याचा. मी म्हणायचे, हो ना. मला तो भिंतीपलीकडून हॉलमधून ऐकू यायचा, दुसऱ्यांच्या मासळीचा भाव सांगताना.

लेक आता कुबडी घेऊन काउंटरला बसते. चार तारखेच्या बसने मी येते. पाचला डॉक्टरांकडे दोघं जाऊ. ते रागावले तर माझ्यावर रागावतील, तुम्ही गप्प बसा.

मग घरी येऊन मला ती कुरवाची गोष्ट पहिल्यापासून सांगा. आवाज फाटक उघडल्यासारखा झालाय म्हणता, फार लांब जात नाही म्हणता. आपलं घर दोन खोल्यांचं आहे. पुरेल.

तुमची,
सरकार